माणिकबाईचा मूळ फोटो

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी करिश्माचा मोबाइल हातात घेतला. फोटो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला आणि गोपालला विचारलं, "ही कोण?"

"माही माय, साहेब."

"हरवली ती हीच?"

"हो जी, थेच."

"वय काय म्हणालात?"

"सत्तरच्या वर असन. नेमकं तिलेबी माहीत नाई."

साहेबांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा गोपालकडे. गोपाल स्वतः पंचेचाळिशीचा, उन्हानं रापलेला, कानशिलांवर केस पिकलेला. फोटोतली बाई त्याच्याहून लहानच वाटत होती. गाल गुलाबी, ओठांवर लाली, डोळे टपोरे, कपाळावर नावालाही आठी नाही. साहेब म्हणाले, "अहो, आईचा फोटो द्या. हा लावला तर लोक भलतीच बाई शोधत फिरतील." माणूस भला होता. तक्रार त्यानं आधीच लिहून घेतली होती, अकोल्याला फोनही केला होता. अलीकडचा, स्पष्ट, ओळखू येईल असा एक फोटो द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि नेमकी तीच एक वस्तू या घरात नव्हती.

घर वलगावचं. भाजीपाला आणि फुलं पिकवायची आणि अमरावतीत नेऊन विकायची, हे यांचं पिढीजात काम. गोपालचे म्हातारे वडील उत्तमराव अजून मळ्यात राबत आणि गोपाल राजापेठेत भाजीची गाडी लावी. त्याची माय माणिकबाई सोबत येई, गाडीमागं पोत्यावर बसे, मेथीच्या जुड्या बांधे आणि घासाघीस करणाऱ्या बायांना दोन शब्द सुनावे. वर्षभरापासून मात्र तिचं डोकं भरकटायला लागलं होतं. चहात मीठ टाकी, कधीच विकून टाकलेल्या म्हशीला वैरण घालायला उठे. डॉक्टरांनी बजावलं होतं की एकटं सोडू नका. गोपाल सोडतही नव्हता. त्या सकाळी दोन गिऱ्हाइकं एकाच कोथिंबिरीवरून हमरीतुमरीवर आली, त्यांची समजूत घालून तो वळला, तर पोत्यावर माय नव्हती. एका रिक्षावाल्यानं अशी म्हातारी अकोल्याच्या गाडीत चढताना पाहिली होती. तिचं माहेर अकोल्याच्या पलीकडचं. गोपाल तिथं जाऊन आला. माहेरी आता कोणी राहिलं नव्हतं, आणि तीही तिथं पोचली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एक फोटो मिळू नये? आजकाल माणूस चहा प्यायच्या आधी चहाचा फोटो काढतो. फोटो होते की! आधार कार्डावर एक होता. त्यात काळ्या डागाला दोन कान फुटल्यासारखं दिसत होतं. लग्नाच्या अल्बमात होती, तर कुठं अर्धा चेहरा पदरात, कुठं अर्धा कोणाच्या तरी फेट्यामागं. आणि बाकीचे सगळे, ढिगानं, करिश्माच्या मोबाइलमध्ये.

करिश्मा गोपालची मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिच्या मोबाइलमध्ये ते एक ॲप होतं. फोटो उघडायचा, एक बोट उजवीकडे सरकवायचं, की सुरकुत्या गेल्या, रंग उजळला, डोळे मोठे झाले. काही शिकायला नको, काही समजायला नको. सुरुवातीला पोर स्वतःचेच फोटो असे उजळवी. मग एकदा गंमत म्हणून तिनं आजीचा केला आणि माणिकबाईला वेडच लागलं. आयुष्यभर जिनं आरशात पाहिलं ते कुंकू सरळ लागलं की नाही एवढ्यापुरतंच, ती बाई खाटेवर पाय जवळ घेऊन बसे आणि म्हणे, "पोरी, अजून जराशी गोरी कर वं मले." मग दोघी खिदळत. पुढं पुढं तिला घरातली नावंही आठवेनाशी झाली, पण मोबाइलमधली ती गुलाबी बाई पाहिली की म्हातारीच्या चेहऱ्यावर हसू येई.

आणि मूळ फोटो? ते कुठं गेले, असं गोपालनं विचारलं तेव्हा करिश्माच्या तोंडचं पाणीच पळालं.

"डिलीट करत होती मी," ती रडत म्हणाली. "मोबाइल भरून जाते ना बाबा. चांगले ठेवायचे आन् खराब काढून टाकायचे."

खराब म्हणजे खरे. गोपालला राग यायला हवा होता, तो आलाही, पण पोरीच्या चेहऱ्याकडे पाहून गिळावा लागला. आजीचा जीव हिच्यातच होता आणि हिचा आजीत. रागावून तो कोणावर रागावणार होता!

राजापेठेत त्याच्या गाडीसमोरच श्यामचा स्टुडिओ. श्याम लग्नाचे अल्बम करी, आणि त्याच्या कॉम्प्युटरवर ते मोठं सॉफ्टवेअर होतं, ज्यात नवरदेवाला घोड्यावर बसवता येतं आणि मांडवातला नको असलेला पाहुणा गायब करता येतो. गोपालनं हे अनेकदा पाहिलं होतं. त्याला वाटलं, एका यंत्रानं पुसलं ते त्याहून मोठं यंत्र परत आणेल. म्हणून तो बापाला आणि मुलीला घेऊन तिथं गेला.

श्यामनं फोटो मोठ्या पडद्यावर घेतला आणि डोकं खाजवलं. "गोपालभाऊ, हे जमणं कठीण आहे. माह्या सॉफ्टवेअरात थर असतात. खाली मूळ फोटो तसाच राहते, त्याच्यावर कोरा पारदर्शक कागद ठेवल्यावानी मी रंगवतो. नाई आवडलं तं कागद काढून घ्यायचा. या पोरीचं ॲप तसं नाई करत. थे मूळ फोटोतच कालवते. तुमी मले भाजी शिजवून आणून देली, आता म्हणता का याच्यातून कच्चं वांगं काढून दे."

"मंग एवढं मोठं सॉफ्टवेअर कोन्या कामाचं?" उत्तमराव म्हणाले.

"काका, काम करते ना. पण त्याले सांगा लागते."

आधी त्यानं सोपा मार्ग धरला. त्याच्या सॉफ्टवेअरात वय वाढवायची सोय होती. कळ दाबली आणि पडद्यावर एक म्हातारी आली. गोरी, घाऱ्या डोळ्यांची, पांढऱ्या केसांना वळण दिलेली. चष्मा लावून इंग्रजी वर्तमानपत्र वाचेल अशी. करिश्मा म्हणाली, माझ्या ॲपमध्येही म्हातारं करायचं बटण आहे. तिनं तेही दाबून पाहिलं. तिच्याकडेही अशीच कोणीतरी आली. दोन म्हाताऱ्या समोरासमोर ठेवल्या, दोन्ही परक्या. उत्तमराव म्हणाले, "या कोनाच्या बाया हायेत?" आणि उठायलाच लागले.

"बसा काका," श्याम म्हणाला. "हातानं करू. एक एक रेघ. तुमी सांगत जा, मी काढत जातो."

इथून खरी पंचाईत सुरू झाली. मोबाइलचं ते ॲप कधी काही विचारत नव्हतं. त्याला सगळं ठाऊक असल्यासारखं ते एका दमात करून टाकी. हे मोठं सॉफ्टवेअर मात्र एवढं हुशार, एवढं महाग, आणि त्याला सांगितल्याशिवाय काडीही हलत नाही. रेघ कुठं? किती खोल? डोळ्यापासून कानापर्यंत, की मध्येच थांबते? ओठ वरचा पातळ की खालचा? गाल बसलेले म्हणजे किती बसलेले? श्याम एकेक विचारी आणि तिघं एकमेकांची तोंडं पाहत.

"नाकाजवळ तीळ होता," गोपाल म्हणाला. "उजव्या अंगाले."

"डाव्या," उत्तमराव म्हणाले.

श्यामनं करिश्माकडे पाहिलं. ती तर प्रत्येक फोटोतून तो तीळ काढत असे, म्हणजे तिला ठाऊक असणारच. "मी काढत होती थो डावीकडून," ती म्हणाली, "पण सेल्फीत उलटं येते. आन् काही फोटो सेल्फी नोयते. मले नाई सांगता येत, बाबा."

हनुवटीवर गोंदण होतं, यावर एकमत झालं. ठिपके तीन की पाच यावर झालं नाही. खालचे दात होते की नव्हते? कानाची पाळी कोणती फाटलेली होती? भुवया होत्या तरी का शेवटी शेवटी? श्याम काही वाईट हेतूनं विचारत नव्हता, कामच तसं होतं. पण गोपालला दर प्रश्नागणिक वाटायला लागलं, की आपण मायसोबत इतकी वर्षं राहिलो ते नेमकं काय पाहत राहिलो? मायचे हात त्याला आठवत होते. झेंडू खुडताना ती अंगठ्याचं नख कसं देठाला लावी, ते डोळे मिटूनही दिसे. तिच्या लुगड्याचा वास आठवत होता. चेहऱ्याशी आलं की सगळं धुरकट. रोज समोर असलेल्या माणसाला कोण न्याहाळत बसतं? पण हे स्वतःला समजावूनही काळीज शांत होईना.

उत्तमराव तर चिडलेच. श्यामनं विचारलं होतं, की काका, डोळे तरी सांगा, डोळे कसे होते? म्हातारा काठी आपटून म्हणाला, "अरे, पन्नास वर्सं थे माह्या मांगं चालली. वावरात, बजारात, देवाले, सगळीकडं मांगं. मी पुढं. मांगं चालणाऱ्याचं तोंड दिसते काय मानसाले?" आणि मग एवढ्या मोठ्या आवाजात बोलल्याची त्यांनाच लाज वाटली असावी. खाली मान घालून ते म्हणाले, "मले काहून इचारून राहिला बापा. मले काईच सांगता येत नाई."

श्यामनं चहा सांगितला. आपला धंदा इतका क्रूर असेल, असं त्याच्या कधी ध्यानात आलं नसावं.

काम बरेच दिवस चाललं. गाडीवरची गर्दी ओसरली की गोपाल समोर जाऊन बसे. करिश्मा कॉलेज सुटल्यावर येई. हळूहळू पडद्यावर एक चेहरा जमत गेला. तीळ उजवीकडे ठेवला, कारण उत्तमरावांनी हट्ट सोडला. ठिपके तीन ठेवले, कारण तीन काढणं सोपं. लग्नाच्या अल्बममधून कपाळ घेतलं, आधार कार्डातून जबड्याची ठेवण. श्यामनं थरांवर थर चढवले. कोणता कागद कशाचा, हे त्यालाच ठाऊक. आणि एक दिवस त्यानं खुर्ची मागं सरकवली तेव्हा पडद्यावरून एक वऱ्हाडी म्हातारी त्यांच्याकडे पाहत होती. दमलेली, उन्हातली, खरीखुरी.

"हेच," गोपाल म्हणाला.

"आजी!" करिश्मा म्हणाली आणि रडायला लागली.

उत्तमरावांनी जवळ जाऊन पडद्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. तिघंही इतके थकले होते, की कोणी आणखी एक चेहरा दाखवून हीच का म्हटलं असतं, तरी हो म्हणाले असते. पण हे आज कळतं. त्या दिवशी मात्र आपल्याला माय सापडलीच, असं वाटून घर आनंदलं.

फोटो सगळीकडे गेला. बसस्थानकांवर चिकटला, ठाण्यात गेला, अंजनगाव सुर्जीपासून अकोल्यापर्यंत ओळखीच्या भाजीवाल्यांच्या मोबाइलवर फिरला. गोपालच्या गाडीवर तराजूच्या वर तो टांगलेला असे. भाजी मोजता मोजता गोपालची नजर तिथं जाई. सकाळी पाही, दुपारी पाही. जन्मभर मायच्या चेहऱ्याकडे जितकं पाहिलं नव्हतं तितकं त्यानं या चेहऱ्याकडे पाहिलं.

आणि अकोल्याहून फोन आला. बेघर म्हाताऱ्यांसाठी एक घर चालवणाऱ्या कौशल्याबाई बोलत होत्या. बसस्थानकाबाहेर सापडलेली एक आजी त्यांच्याकडे होती, नाव-गाव सांगता येत नव्हतं. "फोटो पाहिला आणि मी तर थक्कच झाले, दादा. हुबेहूब." त्यांनी आजीचा फोटोही पाठवला. घरात सगळ्यांनी तो श्यामच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. तिळाच्या जागी चामखीळ वाटत होती, पण मोबाइलवर इतकं कोण पाहतं! बाकी कपाळ तेच, जबडा तोच, हनुवटीवर तेच तीन ठिपके. करिश्मा नाचायलाच लागली. उत्तमरावांनी धोतर बदलून ओट्यावर येऊन बसायला सुरुवात केली, जणू गाडी आत्ताच दारात येणार होती.

गोपाल एकटाच निघाला. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं, त्याला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. काय बोलावं याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता. माय, माफ कर. माय, पुन्हा नजर हटवणार नाई.

कौशल्याबाई त्याला अंगणात घेऊन गेल्या. भिंतीला टेकून उन्हात एक म्हातारी बसली होती. गोपालनं दुरूनच तिला पाहिलं आणि त्याचा बांध फुटला. तीच! तेच बसलेले गाल, डोळ्यांभोवती तीच जाळी, कपाळावर तीच आडवी आठी. तो धावतच गेला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा हमसून रडला. तिथूनच त्यानं घरी फोन लावून एवढंच सांगितलं, "सापडली! माय सापडली!"

म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती बोलली.

"बुधाजी, लय येळ लावला रे बाप्पा."

आवाज जाड होता, घोगरा. माणिकबाईचा आवाज बारीक होता, मळ्याच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला टोचे. नुसतं नाव चुकलं असतं तर गोपालनं मनावर घेतलं नसतं, माय नावं चुकायचीच. पण आवाज? त्यानं डोक्यावरचा हात हातात घेतला. बोटं लांब होती, अंगठा सरळ. झेंडू कधी न खुडलेला हात. तो तसाच तिच्यापुढं बसून राहिला.

"काय झालं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हे माही माय नोये," गोपाल म्हणाला.

कौशल्याबाईंनी भिंतीवर लावलेला कागद काढून आणला, म्हातारीच्या गालाशी धरला आणि गोंधळून म्हणाल्या, "असं काय करता दादा? फोटो तर यांचाच आहे."

गोपालनं कागदाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. फोटो तिचाच होता. नाही म्हणायला त्याला जागा नव्हती.

मोबाइल वाजला. करिश्मानं व्हिडिओ कॉल लावला होता. बोट कसं लागलं कोण जाणे, पडद्यावर वलगावचा ओटा उघडला, आणि त्यात गर्दी करून सगळं घर, शेजारीपाजारी. "आजी! आजी दिसली!" करिश्मा ओरडली. म्हातारीनं त्या हलत्या माणसांकडे कौतुकानं पाहिलं आणि ती हसली. मग कोणीतरी मोबाइल उत्तमरावांच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो तोंडाजवळ धरला. उभ्या जन्मात ज्यानं बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती, तो म्हणाला, "माणिक. घरी ये वं."

"हो जी," अकोल्याची म्हातारी म्हणाली.

ओट्यावर एकच कल्ला झाला. उत्तमराव रडत होते, हसत होते. आता सांगायला हवं होतं. आत्ताच, या क्षणी, ही ती नाही म्हणून सांगायला हवं होतं. सांगायला बळ यावं म्हणून गोपालनं डोळे गच्च मिटले आणि आपल्या मायचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. अंधारात एक चेहरा आला. तीळ उजवीकडे, हनुवटीवर तीन ठिपके, कपाळावर आडवी आठी. त्यानं तो बाजूला सारून पाहिला. त्याच्या मागं दुसरा कोणताच नव्हता.

"बाबा, तुमी बोलून काहून नाई राहिले?" करिश्मा विचारत होती. "कवा निघता आजीले घेऊन?"

म्हातारीनं पदर सारखा केला आणि निघण्यासाठी गोपालच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठायला लागली.